निखाऱ्यावरचे मासे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे काहीतरी उदात्त बोलावे, असा आपल्याकडे संकेत आहे. म्हणून चिटणीसबाईंनी माझे नाव घातले, तेव्हा मी हात जोडून म्हटले, "बाई, मला चुलीपुढचे सोडून दुसरे काही येत नाही." त्या म्हणाल्या, "मग चुलीपुढचेच बोला." तेव्हा आज मी माशांविषयी बोलणार आहे, आणि तेही पापलेट-सुरमईविषयी नव्हे, तर ज्यांचे नाव काढले की आपल्यातल्या काहीजणी नाकाला पदर लावतात, अशा माशांविषयी. ज्या भगिनी मासे खात नाहीत, त्यांनी एवढा वेळ मला क्षमा करावी. त्यांच्यासाठीही शेवटी दोन शब्द राखून ठेवले आहेत.

हा विषय सुचला तो आपल्याच पाककला स्पर्धेमुळे. गेल्या वर्षी मी परीक्षक होते. सामिष विभागात अकरा ताटे आली होती. सजावट अशी की हात लावायला जीव होईना! पण अकरा ताटांत मासे किती प्रकारचे? तीन. पापलेट, सुरमई आणि कोळंबी. एवढा मोठा अरबी समुद्र आपल्या दाराशी, आणि त्यातले तीनच जीव आपल्या ओळखीचे! मी एका तरुण सुनेला सहज विचारले, "तारली कधी केली आहेस का गं?" ती म्हणाली, "काकू, ते काय असतं?" त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला तारली ठाऊक नाही याला माझ्यासारख्याच बायका कारण आहेत. कशा, ते आता सांगते.

माझे माहेर वेंगुर्ल्याकडचे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळा सरला की किनाऱ्यावर रापण लागे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. ते ओढायला माणसे लागत; जो हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळे. आम्ही मुले दोराच्या टोकाला लोंबकळत असू, तरी आमच्या ओंजळीतही कुणीतरी चार मासे टाकीच. जाळ्यात बहुतेक वेळा तारली आणि बांगडे. तारली कधी कधी इतकी येई की खाऊन, विकून, खारवूनही उरे, आणि मग ती माडांच्या मुळांशी खत म्हणून जाई. जो मासा माडाला घालतात, त्याला पाहुण्याच्या पानात मान कुठून मिळणार? त्याची किंमत पडली ती चवीमुळे नव्हे, तर तो फार मिळे म्हणून. माणसांचेही असेच असते. जे सदा हाताशी, त्याची आपल्याला किंमत नसते.

आमच्या घरी तेल जपून वापरावे लागे. म्हणून आई तारली तळत नसे. भात उतरला की चुलीतले निखारे पुढे ओढायची, त्यांवर राखेचा पांढरा थर येईपर्यंत थांबायची, आणि लोखंडी जाळी ठेवून तारल्या ओळीने मांडायची. खडे मीठ, बस्स. मसाला नाही, वाटण नाही. आम्ही विचारले की म्हणायची, "तेल कित्याक? तेल तेच्याच आंगात आसा." आणि खरोखर थोड्या वेळाने त्या तारल्यांच्या अंगातून तेल सुटून निखाऱ्यांवर चर्र चर्र पडू लागे. उकड्या तांदळाची पेज, वर भाजलेली तारली आणि कच्चा कांदा. पुढे मी पुष्कळ मेजवान्या जेवले. पण भूक म्हटली की मला ती पेजच आठवते.

१९७७ साली लग्न होऊन मी मुंबईला आले. सासरी माणसे प्रेमळ. पण तिथे मासे म्हणजे पापलेट, सुरमई, हलवा आणि कोळंबी. पहिल्याच महिन्यात मी बाजारातून हौसेने तारली आणली. सासूबाई रागावल्या नाहीत, नुसत्या हसून म्हणाल्या, "अगो, ही तर माडाला घालतात ना तुमच्याकडे?" एवढेच. पण ते हसणे माझ्या मनाला असे लागले की त्यानंतर मी तारलीचे नाव काढले नाही. कुणी माहेरच्या जेवणाविषयी विचारले, तर मी सोलकढी सांगे, खाजे सांगे. तारली सांगत नसे.

१९७९ च्या डिसेंबरात आई प्रथमच माझ्याकडे राहायला आली. रात्रभर एस. टी.चा प्रवास करून आलेली. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच कुणालाही न सांगता शेजारणीबरोबर मासळीबाजारात गेली आणि पदराखाली पिशवी धरून परत आली. पिशवीत वीसेक तारल्या. केवढी आनंदात होती! गॅलरीत तिने कोळशाची शेगडी पेटवली. त्याच दिवशी रात्री आमच्या यजमानांचे साहेब जेवायला यायचे होते. घरात पापलेट आणून ठेवलेले. मी गॅलरीत गेले आणि हळूच म्हटले, "आई, आज नको गं. वास घरभर राहील."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको तर नको गो बाय." आणि तिने तांब्यातले पाणी शेगडीत ओतले. तारल्या तिने आमच्या कामवाल्या बाईला देऊन टाकल्या. त्यावर ती पुन्हा एक अक्षर बोलली नाही. आठवड्याने गावी गेली आणि पुढच्याच पावसाळ्यात वारली. भगिनींनो, साहेब त्या रात्री काय जेवले, काय बोलले, यातले मला काही आठवत नाही. पाणी पडताच निखाऱ्यांचा झालेला आवाज मात्र अजून कानात आहे.

त्यानंतर चाळीस वर्षे मी तारली भाजली नाही. कधी वाटले, तरी हात धजला नाही. मग २०१९ च्या जूनमध्ये मुलाकडे पोर्तुगालला, लिस्बन शहरी गेले. तिथे १२ जूनच्या रात्री संत अंतोनियोचा उत्सव असतो. माणसे ऐकेनात तेव्हा या संताने माशांना उपदेश केला, अशी एक कथा आहे. आज तुम्ही ऐकले नाहीत तर मीही तेच करीन! त्या रात्री जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांतून कागदी पताका लावतात, तुळशीच्या कुळातल्या एका बारीक पानांच्या रोपाच्या कुंड्या विकायला ठेवतात, आणि दारोदारी कोळशाच्या शेगड्या पेटतात. त्यांवर काय भाजतात म्हणाल? तारली! आपल्या तारलीचीच चुलत बहीण. जाडे मीठ लावलेली, अखंड, डोक्याशेपटासकट. पावाच्या जाड तुकड्यावर ठेवतात म्हणजे अंगचे तेल पावात मुरते, आणि लहानथोर, गरीब-श्रीमंत रस्त्यात उभे राहून हाताने खातात. कुणाला वासाची लाज नाही. सारे शहर त्या धुरात बुडालेले असते, आणि ते त्याचा अभिमान बाळगते.

मी त्या गल्लीत उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांना पाणी आले. मुलाला वाटले, धूर गेला. मी म्हटले, "हो, धूरच."

परत आले ती ठरवूनच, की हे आता पुन्हा सुरू करायचे. माझी नात याला ‘ग्रिल’ म्हणते. म्हणू द्या. नाव विलायती झाले म्हणून निखारे काही विलायती होत नाहीत. गेल्या काही वर्षांत गच्चीवर भाजून भाजून, बिघडवून बिघडवून जे शिकले, ते आता तुम्हांला सांगते. ज्यांना लिहून घ्यायचे असेल त्यांनी घ्यावे.

पहिली गोष्ट, विस्तवाची. कोळसा पेटला म्हणजे भाजायला तयार झाला असे नव्हे. ज्वाला असेपर्यंत मासा वर ठेवू नये. बाहेरून काळा आणि आत कच्चा राहतो. ज्वाला विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की वीतभर उंचीवर तळहात धरावा. मनात चार-पाच आकडे मोजून होईपर्यंत हात धरवला आणि मग काढावा लागला, की आच बेताची आहे असे समजावे. नारळाच्या करवंट्यांचे निखारे फार चांगले. मात्र त्या आधी भडकतात, तेवढा धीर धरावा. रंग दिलेले लाकूड किंवा प्लायवुडचे तुकडे चुकूनही जाळू नयेत. निखारे सगळे एका बाजूला ओढून ठेवावे. तेलकट माशाचे तेल गळून जाळ उठला, की मासा दुसऱ्या बाजूला सरकवता येतो. तेलाच्या जाळाची काजळी माशावर बसली तर चव कडू होते.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. त्यातून जो विषारी वायू निघतो तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. माणूस झोपेतच जातो. गच्ची किंवा अंगण नसेल, तर बिडाचा तवा चांगला तापवून त्यावर केळीच्या पानात मासा भाजावा. धुराची चव येणार नाही, पण माशाची येईल.

दुसरी गोष्ट, जाळीला मासा चिकटण्याची. नव्या मुली इथेच कंटाळतात. मासा चिकटतो तो तीन कारणांनी: जाळी थंड असते, मासा ओला असतो, किंवा आपल्याला घाई असते. जाळी आधी निखाऱ्यांवर चांगली तापवावी, घासून स्वच्छ करावी, मग तेलाचा बोळा फिरवावा. माशाला मीठ लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवले की पाणी सुटते. ते पाणी काढून टाकावे आणि मासा फडक्याने कोरडा पुसावा. आणि एकदा जाळीवर ठेवला की त्याला छेडू नये. कातडी नीट भाजली की मासा आपण होऊन जाळी सोडतो. सोडत नसेल, तर त्याची वेळ झाली नाही असे समजावे. पोटच्या पोरांनाही हेच लागू आहे!

आता एकेक मासा घेऊ.

पहिला मान तारलीचा. पावसाळ्यात तिची वीण असते; त्यानंतर समुद्रातले सूक्ष्म खाद्य खाऊन ती अंगाने भरते आणि तेलकट होते. म्हणून पावसाळ्यानंतरचे महिने तिच्या भाजणीचे. आई तारली पोट न कापता अखंडच भाजायची आणि लिस्बनलाही तसेच करतात. भाजल्यावर कातडी सहज सुटते आणि पोटातला भाग गोळा होऊन बाजूला निघतो. पण ती तारली तासाभरापूर्वी समुद्रातून आलेली असे. आपल्या बाजारात येईपर्यंत तिचे पोट मऊ पडते, म्हणून इथे पोट साफ करूनच भाजावी. खवले मात्र अगदी खरवडून काढू नयेत. तेवढेच कातडीला आणि जाळीला अंतर राहते. एका बाजूने तीन-चार मिनिटे, दुसऱ्या बाजूने तेवढीच. तिरफळे मिळाली तर चार ठेचून मिठात मिसळावी. तारली आणि तिरफळ यांचे जुने नाते आहे. श्रावण-भाद्रपदात पातोळ्यांसाठी आणलेली हळदीची पाने उरली, तर त्यांत गुंडाळून एकदा भाजून पाहा. वाफेत हळदीच्या पानाचा वास मिसळला की शेजारीण पत्ता विचारत येते. तारल्यांचीच धाकटी भावंडे म्हणावी असे पेडवे. ते फारच लहान, म्हणून पानातच भाजावे.

काट्यांची तक्रार मला ठाऊक आहे. तारलीला मधोमध बोटाने दाबून शेपटीकडून पाठीचा काटा उचलला, की सगळा सांगाडा एका झटक्यात निघतो. भाजलेल्या तारलीचा निघतो. रश्शातल्या तारलीचा असा निघत नाही. बारीक काटे उरतात ते नीट चावून खाल्ले तर त्यांतला चुना आपल्याच हाडांना लागतो. मुलांना मात्र आपण निवडून द्यावे.

दुसरा बांगडा. याला तुम्ही ओळखता, पण मानता कुठे? बांगड्याच्या पाठीला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्याव्या, म्हणजे जाड भागापर्यंत आच पोहोचते. चिरांत मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ भरावे. प्रत्येक बाजूला पाच-सहा मिनिटे. पाठीचा पर धरून ओढला आणि तो सहज हातात आला, की मासा झाला.

तिसरी बोय, खाडीतली. हिला चिखलाचा वास येतो म्हणून आपण टाळतो. तो वास बराचसा पोटात असतो. बोयीच्या पोटात कोंबडीच्या पेठ्यासारखा एक टणक गोळा असतो आणि आतून काळे अस्तर असते. ते दोन्ही काढून, आतून मीठ-हळद चोळून धुतली आणि थोडे आंबट लावले, की बोय गोड लागते. तिची कातडी जाड. ती भाजताना कुरकुरीत होते. गाभोळी मिळाली तर ती पानात गुंडाळून वेगळी भाजावी, आणि कुणाला सांगू नये.

चौथा राणी मासा. गुलाबी अंगाचा, देखणा. नाव राणी, पण आपल्या बाजारात तिला दासीचीही किंमत नाही. रत्नागिरीकडे याच्या मांसाचा लगदा करून परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. परदेशी माणसे तो आवडीने खातात, आणि आपण टोपलीकडे बघतही नाही! हा मासा तारलीसारखा तेलकट नाही, म्हणून उघड्या निखाऱ्यावर कोरडा पडतो. त्याला पान हवे. ओले खोबरे, हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि लिंबाचा रस यांचे वाटण पोटात आणि अंगाला लावावे. केळीचे पान आधी विस्तवावरून फिरवून मऊ करावे, म्हणजे फाटत नाही. पान बाहेरून करपू लागले की आतला मासा झाला.

पाचवी वाकटी, चांदीच्या पट्टीसारखी लांब. ही बहुतेकींना सुकी तेवढी माहीत. आपल्याकडची पुष्कळशी ओली वाकटी चीनला जाते. तिला खवले नसतात, साफ करायला सोपी. वीतभर तुकडे करून, मीठ आणि मिरपूड लावून भाजावी. कडेचे काटे ओळीने निघून येतात आणि मधले मांस लोण्यासारखे असते.

सहावा कुपा. त्याचे मांस लाल-काळे, म्हणून आपल्याला ते नको वाटते. दोन बोटे जाडीच्या वड्या कापाव्या, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून रक्त उतरू द्यावे, मग कोरड्या करून कडक आचेवर थोडाच वेळ भाजाव्या. कुपा फार भाजला की त्याचे लाकूड होते.

आणि निखाऱ्यावर काय ठेवू नये, तेही सांगते. ओला बोंबील! त्याच्या अंगात मांस थोडे आणि पाणी फार. जाळीवर ठेवला की अर्धा मासा विस्तवात. मी हा प्रयोग केला आहे. तुम्ही करू नका. तोच बोंबील सुकवलेला असला, तर निखाऱ्यावर भाजून, ठेचून, कांदा-मिरचीबरोबर जो लागतो त्याला तोड नाही.

आता एक महत्त्वाची सूचना. तारली, बांगडा आणि कुपा हे तिन्ही मासे उन्हात किंवा उबेत राहिले की लवकर बिघडतात आणि त्यांत एक विषारी द्रव्य तयार होते. ते भाजून, शिजवून किंवा तळूनही जात नाही. असा मासा खाल्ला की तोंडाला झिणझिण्या येतात, अंग लाल होते, पुरळ उठतो. म्हणून स्वस्त मासा म्हणून हलगर्जीपणा नको. कल्ले लालभडक, डोळे चमकदार आणि पोट घट्ट असेल तरच घ्यावा. बाजारात भाजी आधी घ्यावी, मासळी सर्वांत शेवटी. आणि घरी आल्याबरोबर बर्फात ठेवावी.

हे सगळे मी केवळ जिभेसाठी सांगते आहे असे समजू नका. आपण सगळ्याजणी पापलेटच्या मागे लागलो, त्याचा परिणाम काय झाला? मोठे पापलेट दुर्मिळ होत गेले, आणि मग आपण तळहाताएवढी पिल्ले खाऊ लागलो. २०२३ साली आपल्या सरकारने पापलेटला राज्याचा मासा म्हणून जाहीर केले. मान म्हणून नव्हे हो. तो वाचावा म्हणून. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली. त्यापेक्षा लहान पकडू नये, असा नियम झाला. पण नियम दर्यावर पाळला जावा असे वाटत असेल, तर तो आधी आपल्या पिशवीने पाळला पाहिजे. अंड्यावर न आलेले पापलेटचे पोर विकत घेणारे हात आपलेच ना?

तर मग सगळ्यांनी तारलीवर तुटून पडावे का? तेही नव्हे. तारलीचे पीक लहरी. केरळात २०१२ साली ती सुमारे ४ लाख टन सापडली होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. समुद्र जे भरभरून देतो ते कायमचे देतो, असे नाही. शिवाय पुष्कळशी तारली माणसाच्या पानात येतच नाही. तिची कुटी करून कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात घालतात, तेल काढतात. माझे म्हणणे एवढेच की, ज्या दिवशी समुद्राने जे दिले असेल, ते आपल्याला ओळखता आले पाहिजे आणि रांधता आले पाहिजे. आज राणी, उद्या बोय, परवा वाकटी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुके. आपल्या आज्या असेच जेवत होत्या. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते. त्यांना फक्त मोठेपणाचा रोग नव्हता.

मासे विकणाऱ्या मावशींचाही विचार करा. त्यांच्या टोपलीत पापलेटच्या खाली जे असते, ते आपण विचारतच नाही. मी आता मावशींना विचारते, "खाली काय आहे?" पहिल्यांदा त्या चकित झाल्या. आता मी दिसले की स्वतःच खालचा थर वर काढतात आणि सांगतात, हा असा कापा, हा असा भाजा. निम्मे ज्ञान मला त्यांच्याकडूनच मिळाले आहे. ते कुठल्याही पुस्तकात नाही, आणि आपण विचारले नाही तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत एक विभाग असा ठेवावा की, त्यात पापलेट, सुरमई आणि कोळंबीला प्रवेश नाही. आणि प्रत्येकीने आपल्या ताटाबरोबर एका कागदावर लिहावे: हा मासा कोणता, आपल्या गावी त्याला काय म्हणतात, आणि तो आपल्याला कुणी शिकवला. ते कागद जमवून पुढच्या स्मरणिकेत छापावे. बक्षीस कुणालाही मिळो. तो संग्रह आपल्या लेकीसुनांच्या उपयोगी पडेल.

आता न खाणाऱ्या भगिनींना दिलेला शब्द. आमच्या गच्चीवर मासे ठेवण्यापूर्वी त्याच निखाऱ्यांवर वेगळ्या स्वच्छ जाळीने वांगी, रताळी आणि मक्याची कणसे भाजली जातात. आमच्या शेजारच्या वहिनी कडक शाकाहारी. त्या आधी येऊन भरताचे वांगे घेऊन जातात, आणि जाताना सांगतात, "आता लावा तुमच्या तारल्या, मी खिडकी लावून घेते." मीही वाऱ्याची दिशा बघूनच शेगडी मांडते, आणि काटेकुटे कागदात घट्ट बांधून त्याच रात्री बाहेर टाकते. शेजार असा दोन्हीकडून सांभाळला, तर वासावरून भांडण होण्याचे कारण नाही.

शेवटी एकच सांगते. मी आईला त्या दिवशी "वास राहील" म्हणाले, ते खरे नव्हते. मला भीती वासाची नव्हती. आपण कुठून आलो ते साहेबांना कळेल, याची होती. आपल्यापैकी कुणाची आई किंवा सासू अजून असेल, आणि ती एखादे दिवशी बाजारातून तुम्हांला नको वाटणारा एखादा मासा घेऊन आली, तर तिला शेगडी पेटवू द्या. पाहुणे एक दिवस येतात आणि जातात.

आता दर हंगामात आमच्या गच्चीवर पहिल्या तारल्या भाजतात, तेव्हा त्यातली पहिली मी केळीच्या पानावर काढून बाजूला ठेवते. कुणासाठी, ते आता घरात कुणी विचारत नाही.